विजेच्या अवजड ट्रकला टायर कोणते, चाक केवढं?

विचारणा थोडक्यात अशी आहे. ताफ्यात आजवर सगळे डिझेल ट्रॅक्टर (म्हणजे ट्रेलर ओढणारे ट्रकचे पुढचे भाग), सगळ्यांना ३१५/८० आर २२.५ हेच टायर. आता दोन अ‍ॅक्सलचे विजेचे ट्रॅक्टर येणार आहेत. मागे तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर आणि भरलेली गाडी ४२ टनांपर्यंत. निर्माता पुढे ३८५/५५ आणि मागे ३१५/७० देतोय. गोदामात ३१५/८० चा साठा पडून आहे. तोच या गाड्यांना चढवला तर चालेल का, चाक मोठं झालं की रेंज, म्हणजे एका चार्जवरचा पल्ला, वाढणार नाही का, आणि ‘ईव्ही’ (विजेची गाडी) असं लिहिलेले खास टायर घेणं भाग आहे का?

साठा चढवू नका. मोठ्या चाकानं रेंज वाढेल हा समज सोडून द्या. ‘ईव्ही’ या शिक्क्याकडे सगळ्यात शेवटी पाहा. पण नुसतं हो-नाही सांगून भागणार नाही, कारण डिझेलच्या गाड्यांवर वर्षानुवर्षं बरोबर ठरलेल्या सवयी इथे नेमक्या कुठे दगा देतात ते एकदा कळलं की पुढचे निर्णय तुम्हीच घेऊ शकाल.

टायरची यादी उघडण्याआधी ट्रक वजनकाट्यावर न्या. गाडी पूर्ण भरलेली, चालक आत, ट्रेलर जोडलेला, आणि प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन वेगळं. एकूण वजनाची पावती टायर निवडायला जवळजवळ निरुपयोगी आहे. ६०० किलोवॅट-तासांच्या आसपासची बॅटरी चार टनांच्या पुढे जाते. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिझेलची टाकी गेल्यामुळे त्यातलं काही वजन परत मिळतं, सगळं नाही. शिवाय बॅटरीचे खोके केबिनच्या मागे, दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधे बसतात. त्यामुळे डिझेल ट्रॅक्टरमध्ये निवांत असलेला पुढचा अ‍ॅक्सल इथे भरत जातो. त्यात माल ट्रेलरच्या पुढच्या बाजूला लादला असेल तर आणखी. म्हणून एकदाच नव्हे, तुमच्या नेहमीच्या दोन-तीन प्रकारच्या लादणीवर वजन करा आणि सर्वात वाईट आकडा धरा.

काही ठिकाणी शून्य-उत्सर्जन ट्रकला जास्त वजनाची मुभा आहे. युरोपीय संघात एकूण वजनात २ टनांपर्यंत, अमेरिकेत २,००० पौंड. ही सवलत गाडीच्या एकूण वजनाला मिळते. टायरच्या भारांकाला, म्हणजे तो किती वजन पेलतो हे सांगणाऱ्या आकड्याला, कोणीही सवलत देत नाही, आणि ही गोष्ट विसरलेले लोक मी पाहिले आहेत.

आता भारांक. टायरच्या भिंतीवर १५६/१५० एल असं काहीतरी असतं. पहिला आकडा टायर एकटा असताना, दुसरा जोडीत, म्हणजे एका बाजूला दोन टायर शेजारी-शेजारी असताना. १५६ म्हणजे ४,००० किलो, १५० म्हणजे ३,३५० किलो, १६० म्हणजे ४,५०० आणि १६४ म्हणजे ५,००० किलो. अक्षर वेगाचं: के ११० किमी, एल १२०, एम १३०. पुढे १५६ चे दोन टायर लावले तर अ‍ॅक्सलची कमाल ८ टन. डिझेल ट्रॅक्टरला ती पुष्कळ झाली. तुमच्या विजेच्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल काट्यावर ८.४ टन दाखवतो असं धरू. मग ३१५ रुंदीचा १५६ भारांकाचा कुठलाही टायर, कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी, बाद. ३८५/५५ आर २२.५, भारांक १६०, म्हणजे ९ टन. निर्मात्यानं पुढे रुंद टायर दिलाय तो दिसायला भारी वाटावा म्हणून नाही, हे इथे स्पष्ट होतं. तुमच्या साठ्यातला ३१५/८० पुढे चढवायचा विचार इथेच संपतो.

मागे परिस्थिती उलट आहे. ३१५/७० च्या चार टायरांची, १५० धरून, क्षमता १३.४ टन होते आणि ड्राइव्ह (मोटर ज्याला फिरवते त्या) अ‍ॅक्सलवर ११.५ टन असतील तर भरपूर वाव राहतो. म्हणजे मागचा टायर भारावरून ठरत नाही. तो व्यास, पकड आणि झीज यांवरून ठरतो.

व्यासाकडे येऊ, कारण खरा गैरसमज तिथेच आहे. ३१५/८० मध्ये ३१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि २२.५ हा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर ३१५/८० चा व्यास सुमारे १,०७६ मि.मी. येतो, ३१५/७० चा सुमारे १,०१२. रिम दोन्हींची तीच असल्यामुळे ‘माप एकच आहे’ असं सर्रास म्हटलं जातं. एका फेऱ्यात मात्र पहिला टायर साधारण ३.२८ मीटर चालतो आणि दुसरा ३.०९ मीटर. फरक सहा टक्क्यांचा.

डिझेल ट्रकला बारा गिअर असतात. सहा टक्के इकडे-तिकडे झाले तर चालक एक गिअर आधी किंवा नंतर टाकतो आणि विषय मिटतो. विजेच्या बऱ्याच ट्रकमध्ये मोटर थेट अ‍ॅक्सलवर असते आणि गिअर एक, दोन किंवा फार तर चार. तिथे टायरचा व्यास हाच शेवटचा गिअर आहे. चाक सहा टक्के मोठं केलं की रस्त्यावर मिळणारा जोर सहा टक्के घटतो. ४२ टनांची गाडी १२ टक्के चढावर चढवायला सुमारे ५१ किलोन्यूटन ओढ लागते. भाराखाली ३१५/७० ची त्रिज्या साधारण ०.४७ मीटर असते, म्हणजे चाकांवर एकूण २४,००० न्यूटन-मीटर पुरतात. ३१५/८० ची ०.५० मीटर धरली तर त्याच चढाला २५,५०० लागतात. मोटर हे देईलही, पण जास्त करंट ओढून, जास्त तापून, आणि लांब घाट असेल तर मधेच स्वतःची ताकद कमी करून.

शिवाय गाडीच्या संगणकाला चाक बदललंय हे कळत नाही. तो एका फेऱ्याला ३.०९ मीटरच मोजतो. वेगमापक ८० दाखवत असेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८५ नं पळत असते. वेग मर्यादित ठेवणारी यंत्रणा चुकते, टॅकोग्राफ (वेग आणि चालवण्याची वेळ नोंदणारं यंत्र) चुकतो, किलोमीटर कमी मोजले जातात, आणि किलोमीटरमागे वीज जास्त लागल्याचं दिसतं. पुढची-मागची चाकं किती वेगानं फिरताहेत याची तुलना करूनच एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा), स्थिरता नियंत्रण आणि ब्रेकमधून वीज परत मिळवणारी यंत्रणा घसरण ओळखते. पुढे मूळ मापाचे आणि मागे सहा टक्के मोठे टायर लावले, तर ही तुलना पहिल्या मीटरपासून खोटी.

मोठ्या चाकाचा रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) किंचित कमी असतो हे खरं आहे, कारण जमिनीला टेकताना टायर कमी वाकतो. पण एकाच मापात दोन वेगवेगळ्या टायरांमधला फरक याहून कितीतरी मोठा असतो. तो मिळवायचा सोडून व्यासाच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

एका परिस्थितीत मात्र मोठं चाक मागावं: रस्ता खराब असेल तेव्हा. बॅटरीचे खोके खाली लटकतात आणि ३१५/८० मुळे अ‍ॅक्सलचा मध्य सुमारे ३० मि.मी. वर जातो. खाणीच्या, बांधकामाच्या रस्त्यावर एवढ्यानंही बॅटरीचं बूड वाचतं. तसं असेल तर गाडीची मागणी नोंदवतानाच ते माप सांगा, म्हणजे गिअरचं गुणोत्तर आणि संगणकातले आकडे त्या मापाचे येतील. नंतर स्वतःहून बदलायची ही गोष्ट नाही.

आता ज्यावर मी सर्वात जास्त वेळ घालवतो त्या रोलिंग रेझिस्टन्सबद्दल. टायर फिरताना वाकतो, सरळ होतो, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. हे ‘किलो प्रति टन’ मध्ये मोजतात, म्हणजे टायरवरच्या एक टन वजनाला किती किलोचा विरोध. युरोपीय लेबलवर अवजड टायरसाठी ए म्हणजे ४.० किंवा कमी, बी ५.० पर्यंत, सी ६.० पर्यंत, डी ७.० पर्यंत, आणि त्यापुढे ई. एका वर्गाचा फरक म्हणजे साधारण १ किलो प्रति टन.

४२ टनांच्या गाडीचे बाराही टायर एका वर्गानं सुधारले तर विरोध सुमारे ४१० न्यूटननं घटतो. म्हणजे किलोमीटरमागे चाकांवर ०.११ किलोवॅट-तास, आणि मोटर, इन्व्हर्टरमधली गळती धरली तर बॅटरीतून ०.१२ ते ०.१३. अशी गाडी मोठ्या रस्त्यावर किलोमीटरला १.२ च्या आसपास वीज घेत असेल तर ती १.०७ वर येते. वापरण्याजोगे ५०० किलोवॅट-तास असतील तर ४१५ किमीच्या जागी ४६५ च्या जवळपास. पन्नास किलोमीटर, आणि बॅटरीत एक सेलही न वाढवता.

टक्केवारीत पाहिलं तर डिझेल ट्रकलाही जवळपास एवढाच फायदा होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. फरक असा की डिझेलच्या गाडीत तो महिन्याच्या बिलात दिसतो. विजेच्या गाडीत फेरी एका चार्जवर पूर्ण होणार की वाटेत पाऊण तास थांबावं लागणार, हे त्यावर ठरतं. उतारावर किंवा ब्रेक लावताना गेलेली ऊर्जा मोटर बरीचशी परत आणते. टायरमध्ये उष्णता होऊन गेलेली मात्र कोणतीही यंत्रणा परत आणत नाही.

आणि आता ट्रेलर. तुमच्या ४२ टनांपैकी पुढे ८.५, ड्राइव्हवर ११.५ आणि ट्रेलरच्या तीन अ‍ॅक्सलवर २२ टन असं धरा. निम्म्याहून जास्त वजन ट्रेलरवर आहे, म्हणजे टायरांतली निम्म्याहून जास्त गळतीही तिथेच. तरी लोक ट्रॅक्टरला निवडून टायर घेतात आणि मागे मिळेल तो ट्रेलर जोडतात. डी वर्गातले, ६.५ च्या आसपासचे ट्रेलर टायर काढून तिथे ४.० चे लावले तर नुसत्या ट्रेलरवर ५४० न्यूटन वाचतात, किलोमीटरमागे ०.१५ किलोवॅट-तासांहून जास्त. म्हणून खर्चाला मर्यादा असेल तर माझा क्रम ठरलेला आहे: आधी ट्रेलर, मग पुढचे, मग ड्राइव्ह. ट्रेलरच्या टायरला ना वळायचं असतं ना ओढायचं. तिथे कमी विरोधाचा टायर घेताना फारशी तडजोडही करावी लागत नाही. ३८५/६५ आर २२.५, भारांक १६०, असे सहा टायर २७ टन पेलतात, ते तुम्हाला पुरेसे आहेत. मात्र जे ट्रेलर विजेच्या ट्रॅक्टरला जोडायचे ते वेगळे ठरवून ठेवा, नाहीतर चांगले टायर डिझेलच्या मागे फिरत राहतील.

लेबलच्या आकड्याबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. तो आकडा प्रयोगशाळेत, २५ अंश तापमानाला आणून, ड्रमवर काढलेला असतो. २२.५ इंची अवजड टायर मोजण्याआधी तीन तास फिरवून गरम करतात. थंड टायरचा विरोध बराच जास्त असतो. लांब पल्ल्याची गाडी त्या अवस्थेला पोहोचते. शहरात दर दोन-तीन किलोमीटरला थांबणारी गाडी दिवसभरात कधीच पोहोचत नाही. म्हणून शहरी वाटपाच्या ट्रकला लेबलवरून रेंजचा हिशेब करू नका. तिथे मी भिंतीचा मजबूतपणा आधी पाहतो, कारण कडेच्या दगडांना घासून टायर मरतात, चर संपून नव्हे. थंडीत बॅटरीही कमी देते आणि टायरही जास्त खातो, दोन्ही एकदम.

आणखी एक अनुभव. नवे टायर चढवल्यावर रेंज घटली म्हणून तक्रारी येतात. त्यात बिघाड काही नसतो. नव्या टायरवर रबराचा थर जाड असतो, तो जास्त वाकतो, जास्त तापतो. झिजत जाताना विरोध कमी होतो. म्हणून जुन्या झिजलेल्या टायरची नव्याशी तुलना करून ‘हा टायर वाईट’ असा निष्कर्ष काढू नका. दोन टायरांची तुलना करायची तर दोन्हींच्या चरांची खोली सारखी असताना करा.

ड्राइव्हच्या टायरबद्दल आमची स्वतःची चूक सांगतो. पहिल्या विजेच्या ट्रॅक्टरला आम्ही डिझेलवर उत्तम चाललेलेच, खोल आणि सुट्या ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर लावले. थोड्याच दिवसांत ठोकळे करवतीच्या दात्यांसारखे झिजले, एक कड उंच, एक खाली. केबिनमध्ये घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे तो चालकाला फारच जाणवायचा. कारण नंतर लक्षात आलं. डिझेलमध्ये ड्राइव्हचा टायर मुख्यतः ओढतो आणि ब्रेकचं काम सगळी चाकं वाटून घेतात. इथे मोटर शून्य वेगापासून पूर्ण जोर देते आणि गती कमी करायचं रोजचं कामही त्याच मोटरमधून, म्हणजे त्याच चार टायरांमधून होतं. ठोकळा एकदा पुढे ताणला जातो, एकदा मागे. तो जितका उंच आणि सुटा, तितका जास्त डुलतो, आणि डुलणारं रबर झिजतंही आणि तापतंही.

तेव्हापासून आम्ही मध्यम खोलीची नक्षी घेतो, ज्यात ठोकळे एकमेकांना रबराच्या पुलांनी जोडलेले असतात आणि बारीक चिरा जोर आला की आपसांत मिटून एकमेकांना आधार देतात. दर ठरावीक अंतरानं टायर फिरवून बसवले की दाते सपाट होतात. आणि चालकाला सुरुवातीला पेडल हळू दाबायला शिकवा. काही गाड्यांत जोर हळूहळू वाढवण्याची सोय असते, ती सुरू ठेवा. टायरच्या आयुष्यात यानं जो फरक पडतो तो महागडा टायर घेऊनही पडत नाही.

ओल्या रस्त्यावरची पकड लेबलवर वेगळी दिलेली असते, ती ड्राइव्हसाठी रोलिंग रेझिस्टन्सपेक्षा वरची धरा. मघाचा १२ टक्क्यांचा चढ पुन्हा घेऊ. ५१ किलोन्यूटन लागतात. ड्राइव्हवर ११.५ टन आणि ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.५ धरला तर टायर कमाल ५६ देऊ शकतो. मोटरमध्ये कितीही दम असला तरी एवढाच वाव. रिकाम्या गाडीचं उलटं चित्र बघा. ८० च्या वेगात मोटरनं ४०० किलोवॅट परत खेचायचे म्हटले तर मागच्या टायरांवर १८ किलोन्यूटनचा ओढा येतो. ड्राइव्हवर फक्त ५ टन असतील आणि रस्ता बर्फाळ किंवा चिखलानं निसरडा, घर्षणांक ०.३, तर टायर १५ च्या आतच सुटतो. यंत्रणा ते ओळखून वीज परत घेणं कमी करते आणि ऊर्जा साध्या ब्रेकमध्ये जळते. म्हणजे पकड चांगली असेल तर सुरक्षितता तर मिळतेच, बॅटरीत परतही जास्त येतं. ए वर्गाच्या रोलिंगसाठी पकड दोन वर्गांनी खाली येत असेल तर ड्राइव्हला तो टायर मी घेणार नाही.

जोडीतल्या दोन टायरांच्या चरांत ३ मि.मी.पेक्षा जास्त फरक नको. ३ मि.मी. म्हणजे व्यासात ६. दोन्ही टायर एकाच हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) घट्ट बांधलेले असल्यामुळे त्यांना फेरे सारखेच घ्यावे लागतात, आणि मग किलोमीटरमागे सुमारे सहा मीटरचा फरक घासूनच भरून निघतो. एक टायर सतत ओढला जातो, दुसरा सतत मागे खेचला जातो.

हवेबद्दल. पुढे ८.४ टन आणि १६० भारांकाचे ३८५/५५, ९ बार दाबाला ९ टन. हवा दहा टक्के कमी झाली, ९ ची ८.१ झाली, तर क्षमता सुमारे आठ टक्क्यांनी घटून ८.३ टनांच्या खाली येते. म्हणजे लाथ मारून ‘ठीक आहे’ म्हणण्याइतक्या किरकोळ कमतरतेत पुढचा अ‍ॅक्सल क्षमतेबाहेर गेला. डिझेलच्या पुढच्या अ‍ॅक्सलला हे माफ होत होतं, इथे होत नाही. गेजनं मोजा, टायर थंड असताना. जोडीतल्या आतल्या टायरलाही मोजा, त्यासाठी व्हॉल्व्हची लांब नळी लावून घ्या. प्रत्येक चाकावर हवा दाखवणारे सेन्सर असतील तर उत्तम, पण त्यांची इशाऱ्याची पातळी तुमच्या वजनाप्रमाणे लावलेली आहे का ते तपासा.

मागे ११.५ टनांना ९ बारची गरज पडत नाही, टायर निर्मात्याच्या तक्त्यात भारानुसार आकडा सापडेल. रेंजच्या हव्यासानं तक्त्यापेक्षा बरीच जास्त हवा भरणारेही असतात. विरोध थोडा घटतो खरा, पण टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर टेकणारा भाग लहान होतो. तक्त्याच्या आकड्याच्या किंचित वर राहणं, एवढीच मोकळीक मी घेतो.

रिमचं गणित लोक विसरतात. ३१५ ला २२.५×९.०० ची रिम लागते, ३८५ ला २२.५×११.७५. पुढच्या ३८५ सोबत रिमही वेगळी, मडगार्डशी अंतर वेगळं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर कुठे घासत नाही ना हे पाहणंही आलं. रिमवरही कमाल भार ठोकलेला असतो. टायर ४,५०० चा आणि रिम ४,००० ची असेल तर क्षमता ४,००० च. ऑफसेट, म्हणजे रिमचा मध्य हबच्या पृष्ठापासून किती आत-बाहेर आहे, तो निर्मात्याचाच ठेवा. तो बदलला की भार बेअरिंगवर तिरका येतो, आणि मोटर बसवलेल्या अ‍ॅक्सलचं बेअरिंग बदलणं हे साधं काम नाही. दहा नटांच्या हबमध्येही दोन प्रकार फिरतात, ३३५ मि.मी. वर्तुळाचा युरोपीय आणि २८५.७५ मि.मी.चा अमेरिकी, ते एकमेकांना लागत नाहीत. अ‍ॅल्युमिनियमच्या घडीव रिम पोलादीपेक्षा नगामागे साधारण १५ ते २० किलोंनी हलक्या असतात. बारा चाकांवर दोनशे किलोंच्या आसपास वाचतात आणि वजनाला टेकलेल्या गाडीत तेवढा माल जास्त जातो. माल वजनानं नाही तर आकारानं भरत असेल तर हा खर्च करू नका.

१९.५ इंची चाकं विजेच्या ट्रॅक्टरला मनात आणू नका, २२.५ साठीचे ब्रेक त्यात मावतच नाहीत. खालच्या पाटाच्या ट्रेलरपुरती ती ठीक. ड्राइव्हला जोडीऐवजी एकेक रुंद टायर लावण्याची पद्धतही आहे, वजन वाचतं, पण एक फुटला की गाडी तिथेच उभी. शिवाय सगळीकडचे नियम त्याला मान्यता देत नाहीत.

‘ईव्ही’ या शिक्क्याला भारांक किंवा वेगाच्या अक्षरासारखी ठरलेली व्याख्या नाही. काही कंपन्यांचे असे टायर खरोखर चांगले आहेत: जास्त भारांक, कमी विरोध, आवाज कमी, खांदे जाड. पण तेच गुण शिक्का नसलेल्या टायरमध्येही असू शकतात. भारांक तुमच्या काट्याच्या पावतीला पुरतो का, माप निर्मात्याच्या यादीत आहे का, पकड आणि विरोधाचे वर्ग काय, नक्षी ड्राइव्हसाठी आहे की ट्रेलरसाठी, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं पटली तर शिक्का असो वा नसो, घ्या. रिट्रेडलाही, म्हणजे जुन्या टायरवर नवा थर चढवलेल्या टायरलाही, हेच लागू. चांगल्या केसिंगवर (टायरच्या मूळ सांगाड्यावर) चांगल्या कारखान्यात चढवलेला कमी विरोधाचा थर ट्रेलरला मी बिनधास्त वापरतो, पुढच्या अ‍ॅक्सलला कधीच नाही.

टायर बसवताना हब आणि रिमची टेकणारी पृष्ठं घासून साफ करा, रंगाचा जाड थर राहू देऊ नका. नट निर्मात्यानं दिलेल्या आकड्यावर टॉर्क पान्यानंच आवळा, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. मोटरचा जोर दोन्ही दिशांनी येत असल्यामुळे ढिला नट इथे जास्त लवकर बोलतो. त्याच दिवशी अलाइनमेंटही करून घ्या, ट्रेलरच्या तिन्ही अ‍ॅक्सलचंसुद्धा.

राहिला तुमचा साठा. ते ३१५/८० डिझेल ट्रॅक्टरना लावून संपवा, उत्पादनाची तारीख पाहून जुने आधी. विजेच्या गाडीच्या स्टेपनीतही त्यातला एक टाकून ठेवू नका. वाटेत पंक्चर झालं आणि जोडीत ६० मि.मी. मोठा टायर बसला की त्या बाजूचा सगळा भार त्या एकट्यावरच येतो. तो भर रस्त्यात फुटतो तेव्हा शेजारच्या बॅटरीच्या आवरणावर काय आदळेल ते सांगता येत नाही. ३१५/७० चा एक आणि ३८५/५५ चा एक, असे दोन टायर रिमसकट तयार ठेवा. गाडीवर दोन्ही मावत नसतील तर पुढचा गाडीवर आणि मागचा तळावर, कारण जोडीतला एक गेला तर चालकाला गाडी रिकामी करून हळूहळू जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत आणता येते, पुढचा गेला तर जागेवरून हलता येत नाही.